हुणसूरच्या बसमधली बाई

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

कंबर पार मोडली, पण वही भरली. सकाळपासून म्हैसूर-हुणसूर बसने दोनदा गेले, दोनदा आले. सदतीस चेहरे मिळाले. ही बाई हुणसूरला उतरते आणि लगेच त्याच बसमध्ये पुन्हा का चढते, ते कंडक्टरला कळेना. शेवटी त्याने विचारलंच. म्हटलं, चित्रं काढते. तर म्हणाला, "मग माझं काढा." आणि दाराशी छाती काढून उभा राहिला. काढलं. गेममधला कंडक्टर मिळाला.

शरतच्या गेमचं नाव 'राइट राइट', इथले कंडक्टर बस सोडताना ओरडतात ते. खेळणारा स्वतः कंडक्टर. बस म्हैसूरहून निघते, हुणसूर येईपर्यंत कुणाचं तरी काहीतरी चोरीला जातं, आणि चोर पकडायचा. चित्रं सगळी लिनोच्या मऊ लादीवर कोरून, शाई लावून, कागदावर छापून घेतलेली. माझी. नंतर ती स्कॅन करून त्याच्या स्टुडिओतली मुलं हलवतात. पहिल्या भेटीत शरत म्हणाला होता, "कोरणीचा आवाज दिसला पाहिजे, मॅडम." त्या एका वाक्यावर मी शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडली. उदय म्हणाला, आवाज दिसतो होय? नवऱ्यांना असलं काही कळत नाही.

परतीच्या शेवटच्या बसमध्ये मात्र खजिना सापडला. साठीची बाई. मी उदयशी फोनवर बोलत होते ते ऐकून म्हणाली, "अगं, तू मराठी होय! मीबी मराठीच की." तिचं मराठी ऐकून हसू आवरेना. निम्मं कानडी, उरलेलं तीन पिढ्यांपूर्वीचं. पणजोबा म्हणे म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. नाव वनजा. हुणसूरजवळ एका शेडमध्ये तंबाखूची पानं निवडायचं काम करते. आज सुट्टी, म्हणून म्हैसूरला हॉस्टेलवर राहणाऱ्या नातीकडे खायचं घेऊन निघाली होती. रेक्झिनची काळी पिशवी छातीशी अशी धरलेली, की आत तान्हं मूल आहे म्हणावं. उजवी पापणी अर्धी उतरलेली, त्यामुळे ती एकाच वेळी पेंगते आहे आणि टक लावून बघते आहे असं वाटतं. असा चेहरा दहा वर्षांत एकदा मिळतो. ती बोलत होती, मी हं हं करत वही पर्सच्या आडोशाला धरून काढत होते. तिला कळलंसुद्धा नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

हुणसूरच्या बाईचा पहिला ठोकळा झाला. लिनो थंड असला की कोरणी सटकते, म्हणून आधी इस्त्री फिरवून घेतली. पापणीला एकच काप दिला, हात न उचलता. छाप घेताना चमच्याच्या पाठीने घासून घासून खांदा भरून आला, पण कागद उचलला आणि माझंच मला बरं वाटलं. छाप उलटा येतो, तेव्हा तिची उजवी पापणी डावी झाली. चित्र आधी उलटं करून घ्यायच्या भानगडीत मी पडले नाही. कुणाला काय फरक पडतो?

दुपारी स्टुडिओत चोर कोण करायचा यावर दोन तास वाद. (होंगे स्टुडिओ म्हणजे हिनकलला औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या.) शरतला चष्मेवाला कॉलेजकुमार हवा होता. किती शिळं! मी तो छाप टेबलावर ठेवला आणि म्हटलं, ही. हिच्यावर कुणी संशय घेणार नाही, आणि एकदा कळलं की हिला कुणी विसरणार नाही. ती पिशवी बघ.

शरतने छाप उचलून उजेडात धरला. मग "हौदु," म्हणाला. हो म्हणायचं असलं की तो मराठी विसरतो. "हौदु मॅडम. हीच."

९ ऑक्टोबर, गुरुवार

दसऱ्याच्या गर्दीत आठवडा वाया गेला. आता बाईचे चौदा ठोकळे पूर्ण. डोळे खाली, डोळे वर, ओठ आवळलेले, तोंड उघडं, पिशवी घट्ट, पिशवी सैल, पकडली गेल्यावरचा चेहरा. हा शेवटचा मी प्रत्यक्षात पाहिलेला नव्हता, मनानेच कोरला. सगळ्यांत तोच चांगला उतरलाय.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

संताप, संताप, संताप.

गेमचा फुकट नमुना काल फोनवर खेळायला आला. लोक खेळतायत, वाहवा करतायत. मी शेवटपर्यंत बघत बसले, नावांची पाटी यायची म्हणून. आली. 'चित्रं: होंगे स्टुडिओ.' स्टुडिओला हात असतात काय? स्टुडिओच्या अंगठ्यावर कोरणीचे व्रण आहेत काय?

आणि हे कमी म्हणून बंगळुरूच्या कुठल्याशा मेळाव्यात यांची पोरं माझे छाप शर्टांवर छापून घालून हिंडली. फोटो पाहिले. कंडक्टर एकाच्या पोटावर, हुणसूरची बाई दुसरीच्या पाठीवर. मला एका शब्दाने विचारलं नाही. माझ्या हाताची रेघ उचलायची, हवी तिथे चिकटवायची, आणि वर "मॅडम, तुम्हाला आनंद होईल असं वाटलं." वाटलं! विचारायला तोंड नव्हतं?

शरतला मेल लिहिला. उदयला वाचून दाखवला. 'जे माझं आहे ते मला न विचारता घेतलंस. तुझा हेतू वाईट नसेल, पण हेतू चांगला म्हणून घेतलेलं परत येत नाही. तू मला एकदा विचारलं असतंस तर कदाचित मी हो म्हटलं असतं. न विचारता तू माझा हो म्हणायचा हक्कच काढून घेतलास.'

उदय म्हणाला, "चांगलं लिहिलंयस." तो सहसा म्हणत नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

जिंकले. शरत आधी "सुम्ने टेन्शन घेताय, मॅडम," करत होता, म्हणजे उगाचच. मी म्हटलं, उगाच तर उगाच. पहिल्याच पडद्यावर माझं पूर्ण नाव. शर्ट बंद. लिनोचे सगळे ठोकळे माझ्या ताब्यात, आणि माझ्या परवानगीशिवाय त्यांचा नवा छाप निघणार नाही. त्याने मान खाली घालून पत्रावर सही केली. शेवटी म्हणाला, "चुकलं, मॅडम. आमच्या डोक्यातच आलं नाही." डोक्यात येत नाही हीच तर तक्रार आहे! माणसाच्या डोक्यात यायला पाहिजे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

नाव आलं. बस सुरू व्हायच्या आधी, काळ्यावर पांढरं, 'लिनोकाम: देवश्री राजोपाध्ये'. सांगलीला आईला फोटो पाठवला.

नमुना धो धो चाललाय. चोर बाई तर सगळ्यांची लाडकी. कंडक्टर तिला पकडतो तेव्हा म्हणतो, "ब्याग तेगियम्मा." पिशवी उघड गं बाई. लोक त्याचे छोटे छोटे व्हिडिओ करतायत. आज इथल्या भाजीवाल्याने एका गिऱ्हाइकाला तेच ऐकवलं आणि सगळे हसले. मीही हसले. सांगून टाकावंसं वाटत होतं की ती बाई माझी आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी एका अनोळखी मुलीचा मेसेज. माझं नाव गेममध्ये वाचून मला शोधलं म्हणे. निम्मा इंग्रजीत, निम्मा मोडक्या मराठीत. इथे नीट करून उतरवते:

'मी नव्या. बी.कॉम.ला आहे. गेममधली चोर माझी आजी आहे. वनजा. तुम्ही बसमध्ये तिच्या शेजारी बसला होता, ती मला सांगत होती, एक मराठी मुलगी भेटली, खूप चांगली आहे. तुम्ही तिला विचारलं होतं का? विचारलं असतं तर ती कदाचित हो म्हणाली असती. न विचारता का घेतलं?'

काय ही भाषा! मी कुणाचं काय घेतलं? उदयला वाचायला दिलं. त्याने वाचून फोन परत केला आणि म्हणाला, "मला वाटलं, तू शरतला लिहिलेलाच मेल आहे." याचं कधी लक्ष नसतं. एका पोरीचा मेसेज आणि माझा मेल याला ओळखता येत नाही.

तिला सविस्तर उत्तर लिहिलं. चित्रकार शेकडो चेहरे बघतो, त्यातून एक तयार करतो. शिवाय तुझ्या आजीची उजवी पापणी उतरलेली आहे, चित्रात डावी आहे. म्हणजे ती ही नव्हेच.

तिचं उत्तर दोन ओळींचं. 'शेडमध्ये तिला सगळे कळ्ळी म्हणतात. आजीला घेऊन येऊ का?' कळ्ळी म्हणजे चोरटी. म्हटलं, ये.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आल्या. मी त्यांना स्टुडिओतच बोलावलं होतं, शरत समोर असलेला बरा म्हणून.

वनजाअम्मा इस्त्रीचं पातळ नेसून आली होती. नव्या सडपातळ, आजीचा हात धरून. शरतने खुर्ची पुढे केली, कॉफी सांगितली. अम्मा बसली नाही.

"दाखवा," म्हणाली.

शरतने गेम लावला. तिने सगळं बघितलं. बस निघाली, येलवाळ मागे पडलं, एका प्रवाशाचं घड्याळ गेलं, कंडक्टर तिच्यापाशी आला. "ब्याग तेगियम्मा." पडद्यावरच्या तिने तोंड उघडलं, पिशवीतून घड्याळ पडलं.

"शेडमधून संध्याकाळी सुटताना गेटावर पिशव्या बघतात," ती म्हणाली. "आधी नुसतं बघायचे. दिवाळी झाली आणि हे आलं. आता माझी पाळी आली की सुपरवायझर हेच म्हणतो, गाण्यासारखं. बायका हसतात. मीबी हसले चार दिवस. काय करायचं? मग जयम्माची कानातली रिंग हरवली. पैले कुणाची पिशवी उपडी केली? माझी. डबा, पदराची पिन, गोळ्या, समदं जमिनीवर. दुसऱ्या दिवशी रिंग जयम्माच्याच घरी सापडली, उशीखाली. आणि मला घरी माणूस पाठवून सांगितलं, थोडे दिवस येऊ नका, बायका कुजबुजतात."

शरत म्हणाला, "अम्मा, गेममध्ये सुरुवातीलाच लिहिलंय, सगळी पात्रं काल्पनिक."

"ते इंग्लिशमधी आहे, की नाही?" नव्या म्हणाली.

मी पापणीचं सांगितलं. ठोकळा काढून दाखवला, छाप शेजारी ठेवला. हे बघा, छाप उलटा येतो, ही पापणी डावी आहे, तुमची उजवी. म्हणजे हा चेहरा तुमचा नाही.

अम्माने छाप हातात घेतला. जवळ नेला.

"सकाळी कुंकू लावताना आरशात असाच दिसतो की मला," ती म्हणाली. "माझा चेहरा जास्त कुणी बघितलाय, तुमी का मी?"

खाली रस्त्यावर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, तो थांबेचना. बसमध्ये ती मला अगं-तुगं करत होती, आज सगळं 'तुमी', हे मला तेव्हा जाणवलं.

मी म्हटलं, "अम्मा, मी विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

"पदर नीट करून बसले असते."

शरतने काही मदत लागली तर, असं सुरू केलं. तिने त्याला पुरं बोलू दिलं नाही. "मदत कोण मागतंय? पाचला शेड सुटते. गेटावर या. समद्यांसमोर सांगा, ही बाई चोर नाही, आमी तिला चोर केली." आणि गेली. कॉफी तशीच राहिली.

मला रडू येत होतं आणि रागही. शरतचा. चोर कोण करायचा हे त्याने ठरवलं. गेम त्याचा, गोष्ट त्याची, ते "ब्याग तेगियम्मा" त्याचं. मी फक्त चेहरा दिला. चित्रकाराने चेहरा द्यायचा नाही तर काय द्यायचं? आणि आता गेटावर उभं राहायचं कुणी, तर मी! का म्हणून?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

शरतला खरमरीत लिहायला बसले. चोराचा निर्णय कोणत्या तारखेला झाला ते हवं होतं, म्हणून ही वही मागे चाळली.

'म्हटलं, ही. हिच्यावर कुणी संशय घेणार नाही... ती पिशवी बघ.'

माझंच अक्षर. ओळीखाली रेघसुद्धा ओढलेली नाही, इतकं सहज.

त्याच्या आधीचं पान, आठ सप्टेंबरचं, तेही वाचलं. वही पर्सच्या आडोशाला. तिला कळलंसुद्धा नाही. हे मी फुशारकीने लिहिलंय. मग ऑक्टोबरमधला मेल वाचला. तो उदयला पुन्हा वाचून दाखवायची गरज नव्हती. तो त्या दिवशी लक्ष देऊन ऐकत होता, आणि त्या दिवशीच काय, मेसेज वाचतानाही लक्ष देऊनच वाचत होता.

शरतला काही लिहिलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बाईचे चौदाही ठोकळे पिशवीत भरून स्टुडिओत नेले. आमच्या धंद्यात छाप पुरे झाले की ठोकळा रद्द करायची रीत आहे. त्यावरून आडवी-उभी कोरणी फिरवायची, म्हणजे पुन्हा त्यातून धड छाप निघत नाही. शरतच्या समोर बसून एकेक रद्द केला. त्याला आधी कळेना मी काय करतेय. तिसऱ्या ठोकळ्याला तो उठला.

"मॅडम! पूर्ण गेमसाठी नवे छाप घ्यायचे आहेत अजून! नमुन्यातले स्कॅन बारीक आहेत, मोठ्या पडद्यावर फुटतात!"

"म्हणूनच."

"करार बघा. कॅरेक्टर स्टुडिओचं आहे."

"ठोकळे माझे आहेत. तुझीच सही आहे."

तो डोकं धरून बसला. मग म्हणाला, "तुम्हीच आणलात ना तिला? मी कॉलेजचा मुलगा म्हणत होतो. तुम्ही म्हणालात, हिला कुणी विसरणार नाही."

"हो. मीच म्हणाले." सातव्या ठोकळ्यावर पकडली गेल्यावरचा तो चेहरा होता. तो रद्द करताना हात थांबला. खोटं नाही सांगत, फार चांगला उतरला होता. त्यावरून चार काप जास्त मारले.

शेवटी शरत म्हणाला, दहा दिवसांत नवा चोर, चौदा भाव, कोरून दिलात तर नमुना आजच काढून टाकतो. नाही तर आम्ही सगळे बुडालो. आणि लोकांच्या फोनांत जे व्हिडिओ गेले ते गेले, ते कुणाच्या बापाला परत आणता येणार नाहीत. तेवढं मात्र खरं बोलला. नमुना माझ्यासमोर काढून टाकला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नव्या चोराला चेहरा कुणाचा? वहीतल्या छत्तीसांपैकी कुणालाच मी विचारलेलं नाही. कंडक्टर सोडून. तो एक आपण होऊन उभा राहिला.

उदय जेवता जेवता म्हणाला, "माझा घे."

"तुझा?"

"मिशी आहे, टक्कल पडतंय, कंपनीची बॅग पाठीला. माझ्यावर कोण संशय घेणार? फक्त आधी विचार."

"घेऊ का?"

"चोरीचा माल काय असेल?"

"घड्याळ. छत्री. एकाची कवळी."

"कवळी असेल तर हो," म्हणाला, आणि सोफ्यावर पोट आत ओढून बसला. अडीच तास. मान अवघडली तरी हलला नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

हुणसूरला जाऊन आले. शरत आला नाही. त्याला कळवलं होतं, म्हणाला डेडलाइन आहे. मग मी एकटीच.

शेड गावाबाहेर, पत्र्याची. पाचला बायका बाहेर येऊ लागल्या, डोक्याला फडकी, बोटं तंबाखूच्या चिकाने काळी-पिवळी. गेटाशी टेबल, टेबलाशी सुपरवायझर, विजयेंद्र. जाडसर, हसतमुख माणूस. मला राक्षस दिसेल असं वाटलं होतं, तो तर माझ्या मामासारखा. रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीशी वनजाअम्मा आणि नव्या उभ्या होत्या. अम्मा इकडे आली नाही.

मी म्हटलं, मला दोन मिनिटं बोलायचंय. कानडीत बोलले. दहा वर्षं झाली म्हैसूरला, पण भाजीपलीकडे माझं कानडी गेलेलं नाही. पहिल्याच वाक्याला बायका हसल्या. कुणीतरी माझी नक्कल केली. कान तापले. काय वाट्टेल ते झालं तरी इथून पळून जावं असं वाटलं. तरी बोलले. फोनमधल्या गेमची चित्रं मी काढली. वनजाअम्माला बसमध्ये बघितलं, न विचारता तिचा चेहरा घेतला, आणि तिला चोर मीच केलं. तिने कधी कुणाचं काही घेतलेलं मला माहीत नाही. घेतलं ते मी. गेममधून तो चेहरा काढून टाकलाय.

एक म्हातारी म्हणाली, "मग आता चोर कोण?"

"माझा नवरा."

हे बोलले आणि जे हसू फुटलं! विजयेंद्रसुद्धा टेबल बडवत हसला. मला क्षणभर संताप आला, की मी इथे अब्रू घालवून उभी आणि यांना तमाशा. मग लक्षात आलं की आता हसतायत ते मला.

विजयेंद्र पलीकडे बघून ओरडला, "अम्मा, सगळी गंमत होती हो! सोमवारपासून बन्नी!" म्हणजे या.

वनजाअम्मा रस्ता ओलांडून आली. बायका बाजूला झाल्या. ती माझ्याकडे बघत नव्हतीच.

तिने विजयेंद्रला कानडीत जे सांगितलं ते नव्याने मला मागून समजावलं. "कामावरून काढलं तेव्हा माणूस घरी पाठवला होता. शेजारच्यांनी ऐकलं. बोलवायचं तर घरी या. शेजारच्यांना ऐकू द्या. रस्त्यावर उभं करून माणसाला बोलावतात होय?"

"अम्मा, मला वेळ कुठे—" तो म्हणाला.

"नसेल तर राहू द्या."

आणि निघाली. मी तिच्या मागे दोन पावलं गेले. ती न वळता म्हणाली, "तुमची बस सव्वापाचला आहे." मी सव्वापाचच्या बसने परत आले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

चौदा ठोकळे पूर्ण, छाप काल शरतला दिले. उदय चोर म्हणून अतिशय शोभतो. त्याच्या ऑफिसात बातमी फुटली आहे.

नव्याचा मेसेज. विजयेंद्र काल घरी गेला, जयम्माला घेऊन. आजी ओट्यावर अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसली होती. त्यांना बसायला दिलं, आणि सूप रिकामं होईपर्यंत एक शब्द बोलली नाही. शेजारच्या तिन्ही घरांतून लोक बाहेर येऊन उभे. मग म्हणाली, पिशव्या बघायच्या तर सगळ्यांच्या बघा, तुमचीसुद्धा, नाही तर कुणाचीच नको. विजयेंद्र हो म्हणाला. मग त्यांना कॉफी मिळाली. सोमवारपासून ती कामावर जाणार.

मी लिहिलं, आजीला माझा नमस्कार सांग. नव्याने लिहिलं, सांगितला. पुढे काही नाही.

पण 'कळ्ळी' थांबलेलं नाही, हेही तिने लिहिलंय. बाजारात एका पोराने परवा हाक मारली. याचं मी काय करू? कुणाच्या गेटावर जाऊ?

६ डिसेंबर, शनिवार

शरतला नवी कल्पना सुचली. ड्रायव्हरला चेहराच नाही आमच्या, नुसती पाठ दिसते. तिथे वनजाअम्माला बसवायचं! बस तीच चालवणार, गेम जिंकला की ती वळून बघणार. "लोकांना गोष्ट कळली की किती आवडेल, मॅडम. आणि तिला जो त्रास झाला तो पण भरून निघेल, अल्वा?" म्हणजे, नाही का?

मला पटली. नुसती पटली नाही, डोळ्यांपुढे उभी राहिली. यावेळी मी म्हटलं, थांब, विचारते.

नव्याला फोन केला. तिने फोन आजीला दिला. मी सगळं सांगितलं. खाकी शर्ट, मोठं स्टिअरिंग, चोर नाही, आख्खी बस तुमच्या हातात.

"कोण बघणार?" तिने विचारलं.

"सगळे. खूप लोक बघतील, अम्मा."

"चांगलं काढशील?"

"जीव ओतून."

पलीकडे भांड्यांचा आवाज आला, कुणीतरी दार लावलं.

"नको," ती म्हणाली.

"अम्मा, पण का ते—"

"तू विचारलंस. मी नको म्हटलं. आता त्याला आणि का कशाला?" आणि मग, "जेवलीस?" मी हो म्हटलं. तिने फोन नव्याला दिला.

शरतला कळवलं. तो म्हणाला, "पापणी सरळ करा, नाक थोडं बदला. कुणाला कळणार?"

"तिला कळेल."

"मॅडम, एवढं कोण बघतं?"

"शरत, मी विचारलं होतं. तिने उत्तर दिलंय." तो आणखी काहीतरी म्हणत होता, मी फोन ठेवला.

राग आलाय. शरतचा तर आलाच, पण तिचाही आलाय, खोटं कशाला लिहू. आयुष्यात पुन्हा होणार नाही असं चित्र झालं असतं. स्टिअरिंगवरचे ते चिकाने रंगलेले दोन्ही हात दिसतायत मला, नजर समोर रस्त्यावर, बाजूने तंबाखूची शेतं मागे पळतायत. बोटं नुसती शिवशिवतायत.

कोरणार नाही.